रुखमाबाईचे सरकते दार

रोहिणखेडच्या जुन्या मशिदीच्या मागच्या अंगाला निवृत्तीचे घर आहे. त्या घराच्या सैपाकघराचे दार आत उघडत नाही आणि बाहेरही उघडत नाही. हाताने लोटले की भिंतीला लागून बाजूला जाते, पुन्हा ओढले की जागेवर येते. मलकापूर स्टेशनच्या मालधक्क्यावर किंवा कापसातली सरकी काढायच्या एखाद्या जिनात असे दार पुष्कळांनी पाहिले असेल. शेतकऱ्याच्या कच्च्या विटांच्या घराला ते लावण्याचे कुणाला सुचले नव्हते. निवृत्तीच्या बायकोला, रुखमाबाईला ते सुचले. कशामुळे सुचले हे समजायला गाडी उलटली तिथपासून सुरुवात करावी लागते.

दोन वर्षांमागे कापसाच्या हंगामात निवृत्तीची भरली गाडी मलकापूरला निघाली होती. रुखमाबाई वर, बोजावर बसली होती. वाटेतल्या एका ओढ्यात डाव्या बाजूचे चाक खडकावर चढले, मोडले आणि गाडी कलंडली. कापसावर पडती तर उठून कपडे झटकती. ती खडकावर पडली, आणि तिचे कमरेखालचे अंग गेले. मलकापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी निवृत्तीला बाहेर बोलावून सांगितले, की जीव राहील पण पाय परत येणार नाहीत. निवृत्तीला ते बायकोला सांगण्याचा धीर झाला नाही. रोज अंघोळीला उचलून नेणाऱ्या बायांच्या तोंडाकडे पाहून तिला ते आधीच कळले होते.

घरी परत आणायला भाड्याची गाडी केली. गाडीवाल्याला मालधक्क्यावरून मिठाची पोती घ्यायची होती, म्हणून गाडी तिथे बराच वेळ उभी राहिली. रुखमाबाई गवतावर आडवी होती. गाडीच्या बांबूच्या तट्ट्याखालून तिला गोदामाच्या दाराचा खालचा अर्धाच भाग दिसत होता. भले थोरले लोखंडी दार, त्याला खाली चाके, चाकांखाली पटरी. एक हमाल डोक्यावर पोते घेऊन यायचा, मोकळ्या हाताने दार लोटायचा आणि आत जायचा. मागे सरायचे नाही, पुढे यायचे नाही. ती ते पाहत राहिली. त्या वेळी तिच्या मनात काही बेत नव्हता. दुसरे पाहायला काही नव्हते, एवढेच.

बेत नंतर झाला, आणि तो नारायणरावांमुळे झाला.

नारायणराव हे निवृत्तीचे थोरले भाऊ. शेती एकत्र, चूल एकत्र. रुखमाबाई खाटेवर पडल्यापासून घरचा आणि गड्यांचा सगळा सैपाक नारायणरावांच्या बायकोवर, आशाबाईवर आला होता. आशाबाईला दम्याचा त्रास. धुरात बसली की रात्रभर खोकायची. नारायणराव वाईट मनाचे नव्हते. त्यांना आपल्या बायकोचा खोकला ऐकू येत होता. त्यांनी उपाय काढला तो कोणत्याही कर्त्या माणसाने काढला असता. रुखमाबाईला साखरखेर्ड्याला तिच्या भावाकडे पोचवायचे आणि निवृत्तीचे दुसरे लग्न करायचे. मलकापूरकडच्या भगवानराव नावाच्या कास्तकाराची मुलगी त्यांनी पाहूनही ठेवली. लग्न आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला.

रुखमाबाईला मधल्या भिंतीला कान लावावा लागला नाही. नारायणराव हळू बोलणाऱ्यांपैकी नव्हते. "चुलीपाशी बाई पाह्यजे," असे ते निवृत्तीला म्हणाले, "खाटेवर नाई." निवृत्तीने खाली पाहिले. मुळात तो कमी बोलणारा, आणि थोरल्या भावापुढे तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी रुखमाबाईने गोणपाटाची चौपदरी घडी शिवून घेतली, ती बुडाखाली घेतली आणि दोन्ही तळव्यांवर अंग उचलून पुढे सरकायला लागली. पहिल्यांदा खाटेपासून भिंतीपर्यंत. मग पडवीपर्यंत. तळव्यांची कातडी गेली, नवी आली, ती जाड आली. पौष महिना संपेपर्यंत ती पडवी ओलांडून सैपाकघराच्या दारापर्यंत जात होती. आत गेले की काळजी नव्हती. आपल्याकडे सैपाकघरातले बहुतेक काम बसूनच होते. चूल जमिनीवर, परात जमिनीवर, पाटा जमिनीवर. पाण्याची गुंडी आणि पिठाचा डबा तेवढा तिने निवृत्तीकडून खाली उतरवून घेतला.

अडत होते ते दारापाशी. एक म्हणजे उंबरा वीतभर उंच. दुसरे म्हणजे दाराच्या दोन्ही झडपा आत उघडायच्या. बाहेर पडताना त्यातली एक तरी स्वतःकडे ओढावी लागायची, आणि ओढता ओढता मागे सरकावे लागायचे. एक हात जमिनीला टेकलेला, दुसऱ्यात भाकरीची टोपली. झडप ओढायला तिसरा हात कुठला? दार उघडेच ठेवावे म्हटले तर वानरांची फौज. डोंगर जवळ असल्याने रोहिणखेडात वानरे कुत्र्यांसारखी फिरतात आणि झाकण उचलून भाकरी नेतात. दार हवेच होते.

तिने निवृत्तीला सांगून कादर मिस्त्रीला बोलावले. कादर गावातला सुतार. हंगामात मलकापूरच्या जिनात डागडुजीच्या कामाला जायचा. तो येऊन पडवीत टेकला.

"कादरभाऊ, मले सरकतं दार पाह्यजे."

"सरकतं म्हंजे कसं, बाई?"

"मी सरकून राह्यली तसं. पुढं येत नाई, मांगं जात नाई. बाजूले होते."

कादर हसला. "मालधक्क्यावरचं म्हनता का? त्याच्या खाली पटरी असते. सैपाकघरात रेल आनता काय तुमी?"

"रेल राहू द्या तिकडंच. दार तेवढं आना. मी टिकीट नाई काढत."

"आन् हा उंबरा?"

उंबऱ्याचे नाव निघाले तसे ओसरीवरून नारायणराव उठून आले. मोठ्या दिरासमोर, म्हणजे भासऱ्यासमोर, घरची सून तोंड वर करून बोलत नाही. बोलायचेच असेल तर भिंतीशी, मुलाशी नाहीतर जनावराशी बोलते आणि ज्याने ऐकायचे तो ऐकतो. रुखमाबाईने पदर पुढे ओढला. पडवीत मांजर बसले होते.

"उंबरा काढला तं लक्ष्मी थांबन कशी घरात?" नारायणराव कादरला म्हणाले. "लाकडाचं काम कर, बे. आमच्या घराचा धरम नको कापू."

"मनीबाई," रुखमाबाई मांजराला म्हणाली, "उंबरा कोनं काढतो म्हनलं? उंबरा हाय तिथंच राहू दे. दोनी बाजूची जमीन वर आनली तं तो आपोआप खाली जाते."

कादरने उंबऱ्याकडे पाहिले, जमिनीकडे पाहिले आणि मान हलवली. नारायणरावांना मांजराशी वाद घालता येईना. ते परत ओसरीवर गेले.

मुरमाची टोपली टोपली करून निवृत्तीने आतली आणि बाहेरची जमीन उंबऱ्याच्या उंचीला आणली, बाहेर पडवीकडे लांबट उतार दिला. उंबरा जागेवर राहिला. त्याला आजही हळदीकुंकू लागते. जुन्या दाराच्या दोन झडपा कादरने आडव्या पट्ट्या मारून एक केल्या. खाली लाकडी चाके लावली, जमिनीत खोबण करून तिच्यात ती चाके बसवली. मालधक्क्यासारखेच. रुखमाबाईने सांगितले तसेच. माघ सरता सरता दार चालू झाले. एका हाताने चालले. आशाबाईनेही दोनदा लोटून पाहिले.

मग होळी आली. होळीच्या आदल्या दिवशी कोणत्याही घरची बाई करते तेच आशाबाईने केले. घर सारवले. शेणाचा काला पडवीवरून, उंबऱ्यावरून, खोबणीवरून एका हाताने सफाईने फिरला. दुसऱ्या दिवशी ऊन पडले, सारवण वाळले आणि दार तिथल्या तिथे चिकटले. ते निम्मे उघडे होते. वानरांनी होळीच्या पोळ्या नेल्या.

कादर आला तेव्हा नारायणराव ओसरीवर पाय सोडून बसले होते. "ये, मिस्त्री. तुयी गाडी टेशनातच थांबली."

कादरने खोबणीत नख घालून पाहिले. "माह्या पटरीत शेन कोनं भरलं?"

"भरलं नाई, सारवलं," आशाबाई आतून म्हणाली. "घर होय का धरमशाळा, का सारवू नाई?"

"तुमचं चुकलं नाई, भाभी. धक्क्यावर फरशी असते. तिथं सारवाले कोन बसलं? हे माह्या ध्यानातच नाई आलं." तो खोबण कोरायला लागला. कोरताना त्याच्या लक्षात आले की दर आठ दिवसांनी हेच होणार.

रुखमाबाई पडवीच्या खांबाला टेकून बसली होती. तिने विचारले, "कादरभाऊ, सारवन कुठवर लागते?"

"जमिनीले. नाईतं भिताडाले, हात पुरंन तिथवर."

"दाराच्या वर तं नाई लागत?"

"वर कायले लागन?"

"मंग चाकं वर लावा."

कादर थांबला. "असं दार जिनात हाय, बाई. वरून टांगलेलं. मले वाटलं, तुमाले धक्क्याचंच पाह्यजे."

"मले दार पाह्यजे, भाऊ. धक्का एक बसला तेवढा पुरे झाला."

टांगायचे ठरले, पण कशाला टांगायचे हा प्रश्न होता. कच्च्या विटांच्या भिंतीत मारलेला खिळा भाकरीत मारल्यासारखा. कादरने दाराच्या दुप्पट लांबीचा सागाचा नाट, म्हणजे तुळईसारखा ओंडका, घेतला. त्याचे एक टोक चौकटीच्या डोक्याला बांधले, दुसरे टोक पडवीत नवा खांब पुरून त्याच्यावर टेकवले. म्हणजे दाराचे वजन भिंतीवर येणार नव्हते. चाके विहिरीच्या दोन जुन्या गडगड्यांची घेतली. दोर बसायला त्यांना खोबण असतेच. आता ती खोबण ज्याच्यावर बसून पळेल अशी लांब, सरळ लोखंडी पट्टी हवी होती. ती कुठून आणायची हे कादर मोठ्याने बोलत असताना निवृत्ती गोठ्यात गेला आणि उलटलेल्या गाडीच्या मोडक्या चाकाची धाव, म्हणजे चाकावर चढवतात ते लोखंडी कडे, उचलून घेऊन आला. ते त्याने कादरपुढे ठेवले. 

लोहाराने धाव तोडून, तापवून, ठोकून सरळ केली. कादरने ती नाटाला उभ्या कडेवर ठोकली आणि दार टांगले. दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या मारल्या, दार पटरीवरून उतरू नये म्हणून. आणि खाली, हेलकावा खाऊ नये म्हणून भिंतीच्या पायथ्याला एक दगड रोवला. दार जमिनीपासून बोटभर वर राहिले. त्याच्या खालून आशाबाईचा सारवणाचा हात बिनघोर जात होता.

वानरांनी काही दिवस दार ढकलून पाहिले. ढकलणे त्यांना ठाऊक होते, सरकवणे नव्हते. पाडव्याच्या सुमारास त्यांनी नाद सोडला आणि नाटावर बसायला लागली.

रुखमाबाईने चूल ताब्यात घेतली. पहाटे ती सरकत जायची, दार लोटायची, आत शिरून ओढून घ्यायची. घरची आठ माणसे आणि वखरणीचे गडी यांच्या भाकरी उन्हे वर यायच्या आत टोपल्यात असायच्या. आशाबाई आता धुरात बसत नव्हती. बाहेर बसून धान्य निवडायची. नारायणरावांना रात्री खोकला ऐकू येईनासा झाला. पण भगवानरावांना शब्द गेलेला होता, आणि शब्द परत घ्यायचा तर कारण सांगावे लागले असते. त्यांनी आखाजीची तयारी चालू ठेवली. साखरखेर्ड्याला निरोपही धाडला, की बहिणीला न्यायला या.

एक दिवस ते दारासमोर उभे राहिले आणि त्यांना एक नवीनच गोष्ट दिसली. दार उघडले की झडप भिंतीला चिकटून जाते. तिच्यामागे माणूस उभे राहील अशी जागा उरत नाही. घरच्या बाया परक्या माणसासमोर, भासऱ्यासमोर दाराआड होतात. दाराआडून विचारतात, दाराआडून उत्तर देतात, भाकरीचे ताट दाराआडून पुढे करतात. ही पद्धत घरोघर होती, ती दाराची झडप आत उघडते म्हणूनच चालत होती.

"पाव्हणा आला तं बाया उभ्या कुठं राहतीन?" त्यांनी निवृत्तीला विचारले.

आतून भाकरी थापल्याचा आवाज आला, आणि रुखमाबाईचा. "तव्या, त्यायले सांग, एकजन तं उभीच राहत नाई."

निवृत्ती हसला नाही, पण त्याला हसू लपवायला बैलाकडे जावे लागले.

इकडे त्या दाराची बातमी गावाबाहेर गेली. लोहाराने मोताळ्याच्या बाजारात सांगितली, तिथून गाडीवाल्यांनी मलकापूरला नेली. रोहिणखेडात ते 'सरकतं दार' होते. बाजारात कुणी 'सरका दार' म्हणाले. मलकापूरच्या पलीकडे पोचेपर्यंत त्याचे 'सरकारी दार' झाले होते. निवृत्तीच्या घराला सरकारी दार लागले. भगवानरावांनी हे ऐकले. सरकार कोणाच्या घराला फुकट दार लावत नाही. जप्ती असेल, नाहीतर काही गुन्हा असेल. पोरगी देण्याआधी आपल्या डोळ्यांनी पाहावे म्हणून ते निरोप न देता निघाले आणि चैत्रातल्या एका दुपारी रोहिणखेडात उतरले.

नारायणराव वावरात होते. निवृत्ती गोठ्यात होता.

"सरकारी दार कोन्तं होय तुमचं?" भगवानरावांनी रामराम झाल्या झाल्या विचारले. "नागपूरच्या सरकारनं काई नवा कायदा काढला काय?"

निवृत्तीला काही उमजेना. मग उमजले. "सरकारी नाई, मामा. सरकतं."

"सरकतं म्हंजे?"

निवृत्ती त्यांना मागच्या पडवीत घेऊन गेला. त्याच वेळी दार आतून बाजूला सरकले आणि टोपली मांडीवर घेऊन रुखमाबाई उंबऱ्यावर आली. समोर परका माणूस. तिने पदर कपाळावर ओढला आणि सवयीने आडोसा पाहिला. आडोसा नव्हता. झडप भिंतीला लागलेली, मधे उघडी चौकट. एखादी घाबरून दार ओढून घेती. तव्यावर भाकरी होती. ती वळली, चुलीपाशी गेली आणि भाकरी उलटली.

भगवानरावांनी तिचे हात पाहिले. टोपलीतली भाकरीची चवड पाहिली. "ही कोन?"

"घरची," निवृत्ती म्हणाला.

"तुमची पयली?"

"एकच हाय."

"तुमच्या भावानं मले सांगतलं का बाई खाटेवर पडून हाय म्हनून. तोंडात पानी घालाव लागते. दिवस मोजून राह्यली."

रुखमाबाईने तोंड वर केले नाही. ती परातीतल्या पिठाशी बोलली. "दिवस नाई, भाकरी मोजून राह्यली. पाव्हण्याच्या दोन धरल्या. जास्त लागत असतीन तं आताच सांगा, मंग पीठ नाई भिजवत."

 भगवानराव पायातले जोडे काढून पडवीत बसले. "तीन धरा," ते म्हणाले.

जेवताना त्यांनी काही विचारले नाही. झुणका, भाकरी आणि कांदा. तिसरी भाकरी संपली तेव्हा नारायणराव वावरातून आले. पाहुण्याला पाहून त्यांनी पागोटे सावरले.

"निरोप नाई, काई नाई, भगवानराव. आमी सोय केली असती."

"सोय झाली," भगवानराव म्हणाले. "म्या निरोप धाडला असता तं तुमी सांगतली तशीच झाली असती, खाट-बीट मांडून. बरं झालं नाई धाडला."

नारायणरावांच्या लक्षात आले. "ते दार होय ना, दोन दिवसाचं खेळणं होय. बाईच्या अंगात किती दम हाय, तुमी एका जेवनात काय पाहता?"

"म्या काय पाहाचं ते पाह्यलं. माही पोरगी सवतीवर देतो म्हनलो होतो, खोटं नाई. पडल्या बाईची सवत म्हंजे नावाची सवत, असं वाटलं. इथं तं चूल राखनारी बसली हाय." ते उठले आणि चूळ भरली. "मले तुमचा राग नाई, नारायणराव. आपन दोघंही पोरीचं आन् भावाचं पाहून राह्यलो. पन भरल्या घरात मी पोरगी नाई देत."

"शब्द झाला होता."

"कोन्त्या बाईबद्दल झाला होता, ते तुमीच पाहा."

नारायणरावांनी निवृत्तीकडे पाहिले. आजवर अशा वेळी निवृत्ती खाली पाहायचा. या वेळी तो खांबाला हात लावून उभा होता. त्याने एकदा दाराकडे पाहिले, ते उघडे होते, आणि तो बोलला. पाच-सहाच शब्द होते, पण मोठ्या भावाला तोंडावर नाही म्हणण्याची त्याची ती पहिली वेळ होती.

"दादा, दुसरी बाई नाई आनाची मले."

"आन् हे आधी काऊन नाई सांगतलं, बे?"

"तुमी विचारलं नव्हतं."

नारायणराव खाटेवर बसले.  आशाबाई सूप घेऊन पडवीच्या कोपऱ्यात बसली होती, तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि नवऱ्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात सुपाला म्हणाली, "साखरखेर्ड्याचा निरोप फिरवाव लागन आता. उद्या गाडी जाऊन राह्यली तिकडं." नारायणरावांनी मान हलवली. हो म्हणून की थकून, हे कुणी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी निरोप गेला.

भगवानराव उन्हे कलताना निघाले. निघताना कादर मिस्त्रीच्या घरी थांबले आणि आपल्या कडब्याच्या गोदामाच्या दाराचे माप सांगून आले. पुढे त्यांनी आपली पोरगी नांदुऱ्याकडे दिली, प्रथमवराला.

आखाजीला निवृत्तीच्या घरी मांडव पडला नाही. चिंचवणी आणि पुरणाच्या पोळ्या झाल्या. पितरांचा घास काढून झाल्यावर रुखमाबाई ताटे वाढायला बसली. नारायणराव तिच्यासमोर, दारातच जेवायला बसले. ती त्यांच्याशी अजूनही थेट बोलत नाही. पोळी हवी का हे तिने तुपाच्या वाटीला विचारले, आणि नारायणरावांनी वाटीकडे पाहूनच सांगितले, की वाढ, अर्धी नाही, पुरी वाढ.